विरामात मोठ्याने म्हणा

मास्तरांना इंग्रजीत पुढे होणारी गोष्ट पाच तऱ्हांनी सांगता यायची. आपल्या भाषेत मात्र त्यांची एकच तऱ्हा, "बघू." यावर हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. घरात सगळे हसायचेच, आणि सगळ्यांत मोठ्यानं खुद्द मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कोट शिवणाऱ्या दुकानात जो कापड बेततो त्यालाही मास्तर म्हणतात, आणि हे तसले मास्तर. चाळीस वर्षं एकाच टेबलाशी उभे राहिले. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायची, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि कोपऱ्यातल्या कारकुनानं तो वहीत लिहायचा, अशी दुकानाची रीत होती. आवाज असा खणखणीत की रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा आतल्या माणसाचं पोट किती सुटलंय ते कळावं. त्यापायी दोन-तीन गिऱ्हाइकं कायमची रुसली. पण हात एवढा साफ, की एकदा कापलेलं कापड दुसऱ्यांदा कात्रीखाली यायचं नाही. शिवणीला दोन बोटं माया मात्र जास्तच ठेवायचे. मालक कुरकुरला की म्हणायचे, "उद्या माणूस जाड झाला तर?"

लोकांच्या उद्याची एवढी काळजी वाहणाऱ्या या माणसाचं स्वतःचं लग्न झालं नाही. ते का झालं नाही, हे खुद्द त्यांना कळायला चौतीस वर्षं लागली.

मास्तर एकतीस वर्षांचे असताना एक प्राध्यापक कोट शिवायला आले. मास्तरांनी टेप लावली आणि आरोळी दिली, "छाती चाळीस, पाठ सतरा, बाही साडेचोवीस!" प्राध्यापक हात पसरलेल्या अवस्थेत तसेच वळले.

"इंग्रजी येतं का?"

"मापापुरतं येतं. शोल्डर, चेस्ट, स्लीव्ह."

"उच्चार मी शिकवीन. आवाज शिकवता येत नाही."

प्राध्यापकांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॅसेटींचा संच काढायचा होता. शाळांतून वाजवायचा. त्यात एक पुरुष आणि एक बाई एकमेकांशी बोलणार, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडा विराम राहणार. त्या विरामात मुलांनी ते वाक्य म्हणायचं. पुरुषाचा आवाज असा दुकानात सापडला. बाईचा आवाज त्यांना फोनवर सापडला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे फोन जोडून देणारी ती. रोज शेकडो लोकांना "लाईन चालू ठेवा" म्हणून म्हणून तिचा आवाज धुऊन इस्त्री केल्यासारखा झाला होता.

रेकॉर्डिंगची खोली रेडिओच्या दुकानामागे, लाकडी जिन्यावरून वर. भिंतींना गाद्या टांगलेल्या, खिडकी खिळे ठोकून बंद. दुकानं दुपारी दोन ते चार मिटायची, तेवढ्या वेळात काम उरकायचं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी "हाउ आर यू" हे वाक्य अशा आवाजात म्हटलं, की जणू कारकुनाला कंबर सांगतायत. टेलिफोनवालीला हसू फुटलं. मग मास्तरांनाही. पुढे नजरानजर झाली की हसू, आणि हसलं की टेप वाया. रेकॉर्डिंगवाला वैतागला. दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या कपाटाचं दार आणून टेबलावर आडवं उभं केलं, त्यावर गोधडी टाकली. एका बाजूला एक माइक, दुसऱ्या बाजूला दुसरा. आता मास्तरांना तिच्या टाचा तेवढ्या टेबलाखालून दिसायच्या.

विराम किती लांबीचा ठेवायचा, याचीही त्यांनी एक पद्धत बसवली होती. वाक्य म्हणून झालं की रेकॉर्डिंगवाला मूठ वर करायचा आणि कानांवरची यंत्रं काढून कान चोळायचा. फार दुखायचे म्हणे. तेवढ्यात दोघांनी ते वाक्य मनात, नुसते ओठ हलवून म्हणायचं. म्हणून संपलं की विराम संपला. मास्तर डोळे मिटून इमानदारीनं ओठ हलवायचे. पलीकडून तिच्याही ओठांची बारीक सळसळ ऐकू यायची. मास्तर मनात म्हणायचे, बाई कामाची पक्की आहे.

अठरा ते एकवीस हे धडे भविष्यकाळाचे. ते सुरू होण्याआधी प्राध्यापकांनी दोघांना समोर बसवून समजावलं.

"हे बघा, या इंग्रजीला स्वतःचा भविष्यकाळच नाही. आपण क्रियापदाला शेपूट लावलं की झालं. जाईन, येईन, बघेन. त्यांना ती सोय नाही, म्हणून शेजारपाजारून मागून आणतात. मनात इच्छा आली, वचन दिलं, तर 'विल'. आधीच ठरवून बसलाय, किंवा ढग दाटलेत आणि दिसतंयच, तर 'गोइंग टू', म्हणजे पाय निघालेच. कुणाशी वेळ ठरवून झालीय, तर चालू वर्तमानकाळ. आणि वेळापत्रकातलं असेल तर साधा वर्तमानकाळ. गाडी नऊला सुटते. गाडीला तुमच्या इच्छेशी काय घेणं?"

"चारच?" टेलिफोनवालीनं विचारलं.

"पाचवी 'अबाउट टू'. अगदी ओठावर आलंय, आता होणारच, तेव्हा."

"आणि ओठावर येऊन तिथंच राहिलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"मग ते व्याकरणात बसत नाही," प्राध्यापक म्हणाले.

ती हसली. मास्तरही हसले, पण ही पाचवी तऱ्हा त्यांच्या अंगाला बिनमापाची बरोबर बसली होती, हे त्यांना कळून चुकलं होतं.

रेकॉर्डिंगवाला किल्ली घेऊन रोज दहा मिनिटं उशिरा यायचा. देव त्याचं भलं करो. त्या दहा मिनिटांत दोघं जिन्यावर थांबायची, ती वरच्या पायरीवर, मास्तर दोन पायऱ्या खाली. एकदा तिनं विचारलं, "कापड कापताना भीती नाही वाटत? एकदा कापलं की संपलं."

"दोन बोटं माया ठेवतो ना. चुकलंमाकलं तर उसवून सोडता येतं."

"आमच्याकडे तसं नाही हो. तीन मिनिटं झाली की लाईन तोडायची. कुणाचं काय सांगायचं राहिलं असेल ते राहिलं. लोक दोन मिनिटं नुसतं 'बरं आहे ना, बरं आहे ना' करतात आणि खरं बोलायला लागतात तेव्हा मी तोडते. वाटतं, आधीच बोलून घ्यावं की माणसानं."

मास्तर म्हणाले, "खरं आहे."

त्यांची एक मोठी अडचण होती. तिला हाक काय मारायची? अनोळखी बाईला आपण सरळ ताई म्हणून मोकळे होतो. पण एकदा तोंडातून ताई गेलं की सगळंच आटोपलं, हे न कळण्याइतके मास्तर भोळे नव्हते. बाई म्हणावं तर फार लांबचं, नावानं हाक मारावी तर फार जवळचं. म्हणून तीन आठवडे त्यांनी तिला काहीच म्हटलं नाही. घसा खाकरायचे. ती वळायची. ती मात्र सगळ्या जगासारखी त्यांना "मास्तर" म्हणायची, आणि तो साधा शब्द तिच्या तोंडून ऐकल्यावर दुपारभर कात्री हलकी चालायची.

गोधडीच्या पलीकडे तर त्यांचं सगळं ठरलं होतं. अठराव्या धड्यात मास्तरांनी तिची बॅग उचलण्याचं वचन दिलं. एकोणिसाव्यात दोघांनी पाण्याजवळ घर घ्यायचं नक्की केलं: वी आर गोइंग टू लिव्ह निअर द वॉटर. दाराला निळा रंग द्यायचं तिनं सुचवलं. विसाव्यात रविवारी भेटायची वेळ ठरली. प्राध्यापकांनी लिहून दिलेली वाक्यं ती. पण मास्तर ती घोकत घरी जायचे आणि वाटेत निळ्या दारांकडे बघायचे. शेवटच्या दिवशी विचारायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. काम चालू असताना विचारलं आणि ती नाही म्हणाली तर उरलेले धडे कुणी म्हणायचे?

शेवटचा दिवस सव्वीस तारीख. जिन्यावर तीच आधी बोलली.

"मास्तर, माझी बदली झालीय. पहिल्या तारखेपासून. लांब आहे गाव."

आणि ती थांबली. अशा वेळी नेमकं बोलता येत नसेल, तर माणसानं निदान गप्प तरी बसावं. मास्तर म्हणाले, "अरे वा! म्हणजे बढती असणार."

"हो," ती म्हणाली, "बढती आहे." तेवढ्यात किल्ली आली.

एकविसावा धडा झाला. चार वाजले. मास्तरांना दुकानात पळावं लागायचं, कच्ची शिलाई घालून बघायला गिऱ्हाइकं यायची. ती मात्र टेप तपासायला रोज मागं थांबायची. त्या दिवशी ती जिन्यापर्यंत आली.

"कॅसेट ऐकाल ना, मास्तर?"

"रोज ऐकेन."

"नीट ऐका."

"ऐकेन की. जपून जा."

"येते, मास्तर."

आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. कुणीही म्हणतं, कुठंही म्हणतं; त्याचा अर्थ काढत बसू नये. मास्तरांनी काढला. ती येते म्हणाली, तर येईल कधी तरी, तेव्हा विचारू. बघू.

अठ्ठावीसला रेकॉर्डिंगवाल्यानं संच दुकानात आणून दिला. खोक्यावर प्राध्यापकांची सूचना ठळक छापली होती: विरामात मोठ्याने म्हणा. मास्तरांनी शेजाऱ्याकडून टेप मागून आणला आणि शब्द पाळला. एकतीसला तर पहाटेच डोळा उघडला, म्हणून सकाळी सहाला एकविसावा धडा लावून बसले. वहिनी कडेवरच्या मुलीला थोपटत दारात आली.

"भाऊजी, अजून दूध आलं नाही आणि तुमचं इंग्रजी आलं? शेवटी बाईंना म्हणताय तरी काय एवढं ओरडून?"

"मी तिथं असेन, असं म्हणतोय," मास्तर म्हणाले.

"कुठं?"

"ते धड्यात आहे."

त्या दिवशी दुकानात मास्तरांनी एका कोटाची डावी बाही दोनदा कापली. चाळीस वर्षांतली तेवढी एक चूक. मालकानं ती बाही बरेच दिवस खुंटीवर टांगून ठेवली होती.

मग वर्षं गेली. वहिनी स्थळं आणायची, मास्तर म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." वहिनी म्हणायची, "तुमचं पुढचं वर्ष उजाडायचं कधी? ते काय प्राध्यापकांकडून मागून आणायचंय?" दादा मध्ये पडून म्हणायचा, "जाऊ दे ग. नाही त्याच्या मनात." मनात काय आहे ते दादाला ठाऊक नव्हतं. ते घरात पहिल्यांदा कळलं पुतणीमुळं. ती अकरा वर्षांची असताना शाळेतून धावत आली.

"काका, आज तुम्ही आमच्या वर्गात बोललात! आणि एक बाई. तुम्ही दोघं पाण्याजवळ घर घेणार आहात!"

सगळे खो खो हसले. वहिनी हसता हसता थांबली. तिनं मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून स्थळांचं नाव काढलं नाही. तिनं फक्त एक नेम केला. रविवारी दुपारी मास्तर कॅसेट लावून बसले, की ती मुलांना बाहेर पिटाळायची आणि दार ओढून घ्यायची.

आत मास्तर एकोणिसावा धडा लावायचे, कधी एकविसावा. स्वतःचं वाक्य आलं की विरामात म्हणायचे, तिचं आलं की विरामात म्हणायचे. मोठ्यानं, सूचनेप्रमाणे. वय वाढत गेलं तसा त्यांचा आवाज घोगरा झाला, पण कॅसेटीतले मास्तर एकतीसचेच राहिले. तिचं काय झालं असेल, लग्न झालं असेल का, अजून कुणाच्या लाईनी तोडत असेल का, हे ते कुणाला विचारत नसत. एक्स्चेंजमध्ये जाऊन पत्ता विचारायचं त्यांनी तीनदा ठरवलं, आणि एकदा तर पायरीपर्यंत जाऊन आले. ती नाही म्हणेल, याहूनही त्यांना दुसरीच भीती होती. ती विचारेल, "कोण मास्तर?"

पुतणी मोठी झाली आणि ग्रंथालयात लागली. तिथं जुन्या टेपा संगणकावर उतरवून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. प्राध्यापक वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी मूळ टेपांची पेटी ग्रंथालयाला दिली. ती पुतणीच्या टेबलावर आली. उतरवताना विरामांतली खरखर, खुर्चीची करकर पुसून टाकायची असते. काय पुसायचं ते कळावं म्हणून ती आवाज मोठा करून नुसते विरामच ऐकत होती. एका सकाळी तिनं घरी फोन केला.

"काका, ग्रंथालयात येता? आत्ता."

मास्तर तेव्हा पासष्टचे. काठी घेऊन गेले. पुतणीनं त्यांना खुर्चीत बसवलं, कानांवर यंत्रं घातली आणि ती त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

"माझं एक ऐकायचं. विराम आला की काही म्हणायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. गप्प बसायचं."

"मग धडा कसा होणार?"

"काका, गप्प."

तिनं बटण दाबलं. अठरावा धडा. एकतीस वर्षांच्या मास्तरांनी बॅग उचलायचं वचन दिलं. विराम आला. म्हाताऱ्या मास्तरांचे ओठ सवयीनं उघडले. त्यांनी हातानं दाबून धरले. खरखर, आणि तिच्यातून ओठांची ती सळसळ. ती सळसळ नव्हती. कुणी तरी माइकला तोंड लावून कुजबुजत होतं.

"नवा शर्ट छान दिसतो, मास्तर."

एकोणिसावा. पाण्याजवळचं घर. विराम. "मला हाक का मारत नाही तुम्ही?"

विसावा. रविवारची भेट. विराम. "खरंच विचारा ना एकदा."

मास्तरांनी टेबलाची कड धरली होती. पुतणी म्हणाली, "थांबवू का?" त्यांनी मान हलवली. एकविसावा लागला. गाडी नऊला सुटते, आपण घड्याळाखाली भेटू, असं मास्तर इंग्रजीत म्हणाले. विराम.

"माझी एकतीसला. सकाळी सहा दहा."

मग मास्तरांचं पुढचं वाक्य. आय विल बी देअर. विराम.

"याल?"

पुतणीनं टेप थांबवला. मास्तरांनी यंत्रं काढून मांडीवर ठेवली.

"ही मूळची टेप. माझ्या कॅसेटीत हे नव्हतं ग. मी रोज ऐकली."

"तुमच्याही कॅसेटीत असणारच, काका." पुतणी म्हणाली. "तुम्ही ऐकली कुठं? तुम्ही तर बोलत होता."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं शाळाशाळांतून चाळीस-चाळीस मुलं त्या विरामांत ओरडली होती, म्हणून कुणाला ऐकू आलं नव्हतं. आणि घरात मास्तर ओरडले होते. सकाळी सहा वाजता, गाडीला दहा मिनिटं असताना, 'मी तिथं असेन' म्हणून. तिनं नीट ऐका म्हटलं होतं. त्यांना वाटलं होतं, उच्चार. त्यांनी चेहरा हातांत घेतला आणि ते रडले, मोठ्यानं, कारकुनाला माप सांगायच्या आवाजात. वाचनाच्या दालनातली माणसं वळून बघायला लागली, तशी पुतणीनं उठून दार लावलं.

ती परत येऊन बसली. "नियमाप्रमाणे विराम पुसायचे असतात," ती म्हणाली. "हे मी पुसणार नाही. नोकरी गेली तरी." आणि मग हळूच, "शोधू का त्यांना? एक्स्चेंजच्या निवृत्त लोकांची यादी असते. विचारू?"

बघू, असं म्हणायला मास्तरांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"विचार," ते म्हणाले. "आजच विचार. पण आधी ते शेवटचं परत लाव."

त्यांनी यंत्रं पुन्हा कानांवर घातली. तरुण मास्तरांनी पुन्हा एकदा इंग्रजीत वचन दिलं. विराम आला. "याल?" ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य सुरू व्हायला अजून एक-दोन सेकंद होते.

"येतो," मास्तर म्हणाले. मग पुढचं वाक्य तिचं होतं, म्हणून ते गप्प बसले.